आमच्या मळमड्डीच्या थूअक्का

माणसाला हात न लावता कानफटात कशी मारायची, ते आमच्या मळमड्डीच्या गल्लीत एकट्या अक्कांनाच यायचं. आवाज चढवायच्या नाहीत. मान वळवून नुसतं "थू!" म्हणायच्या, की समोरच्याला त्या दिवशी जेवण जायचं नाही. पाठीमागे सगळे त्यांना थूअक्काच म्हणत; तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती?

नव्वद सालानंतरच्या त्या खुनांनी लोकांची अक्कलच पळवली. भर दुपारी दार वाजवायचं, पाणी मागायचं आणि एकट्या बाईचा गळा कापायचा, असा कुणी मेला गावोगाव फिरत होता. आमच्याकडे कधी फिरकलाही नाही, पण आमचे शूरवीर स्टंप घेऊन कट्ट्यावर बसले. पेपरातली वर्णनं मिटक्या मारत वाचायचे. "मेलेल्या बायकांच्या जिवावर चहा गोड लागतोय होय रे?" अक्का विचारायच्या.

दारी आलेल्याला गूळ-पाणी द्यायची आमची रीत. तेव्हा सगळ्यांची दारं बंद झाली, अक्कांचं उघडंच. "खुनी एक आहे, तहानलेले पुष्कळ," म्हणायच्या.

एका दुपारी समोरच्या निवृत्त मास्तरांकडे एक म्हातारा आला. मुलीसाठी स्थळ बघायला निघालेला, पत्ता चुकलेला. मास्तरीणबाईंनी खिडकीच्या गजांतून गूळ-पाणी दिलं. त्यानं पाणी घेतलं, गूळ परत सारला. झालं! ज्याचा गूळ खाल्ला त्याचा घात करू नये, म्हणतात. मग गूळ नको म्हणणारा घात करायलाच आला असणार, हे आमच्या दीडशहाण्यांचं गणित. "हाच तो!" मास्तर ओरडले, आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले.

अक्का धावत येऊन त्याच्या अंगावर आडव्या पडल्या. "अव्वा, आई, मला शुगर आहे गं," तो कण्हत होता. अक्कांनी गर्दीकडे मान वळवली. "थू! का नको, एवढं विचारायला एकालाही तोंड नव्हतं?" त्यांनीच त्याला रिक्षात घातलं, दवाखान्यात उशाशी त्याच बसल्या. तो वाचला नाही. पोलीस आले तर गल्लीत कुणी म्हणून काही पाहिलेलं नव्हतं! अक्कांनी धडाधड नावं सांगितली. एकट्या म्हातारीचं कोण ऐकतो?

अक्का अळणावरला भावाकडे कायमच्या निघाल्या, त्या सकाळी मी त्यांची ट्रंक बांधत होते. मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन हसत आले. "अक्का, तोंड गोड करा. खुनी सापडला!"

अक्कांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं.

"कुठला?"