माझ्या विहिरीच्या उरलेल्या कांड्या

मुंबईत स्फोट झाले त्या वर्षी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठा आवाज माझा होता. कायदा, वकील, जामीन, हे सगळे चोचले आहेत म्हणायचो. धरलेल्यांना उलटं टांगा, दोन दिवसांत पोपटासारखे बोलतील. पोलीस आपल्या पट्ट्याला 'सत्यशोधक' म्हणतात, हेसुद्धा मीच रंगवून सांगायचो आणि बाकीचे मास्तर चहा पीत हसायचे. इंदापुरातला एक वकील मित्र तेवढा म्हणायचा की मारून घेतलेला जबाब हा मारणाऱ्याचाच जबाब असतो. मी त्याला म्हणायचो, तुझं पोटच चोरांवर चालतं, तू दुसरं काय बोलणार! आज हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

नोकरी इंदापुरात असली तरी शेत लोणी भापकरला, कोरडवाहू. त्याच उन्हाळ्यात मी तिथली विहीर खोल करायला काढली होती. सुरुंग लावायला पळसदेवकडचा एक गडी होता. बापानं मेंढरं विकली तसा हा विहिरींच्या कामाला लागलेला. बोलायला मऊ, कामाला कडक. त्याचा एक नियम होता, कांडी आणि केप एका पिशवीत न्यायची नाही. जिलेटिनच्या कांड्या ज्वारीच्या पिशवीत खुपसायचा आणि कांडीला उडवणाऱ्या त्या बोटाएवढ्या केपा डोक्याच्या पटक्यात गुंडाळायचा. डोक्यावर दारू घेऊन फिरतोस, एखाद्या दिवशी उडशील लेका, असं मी त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, एका जागी ठेवल्या तर समदी एसटी उडंल, त्यापरीस माझं एकट्याचं डोकं गेलेलं बरं.

सुरुंगाचा माल मीच आणून दिला होता. परवाना-बिरवाना काही नव्हता, आमच्या भागात तेव्हा विचारतो कोण? काम संपलं तेव्हा आठ कांड्या आणि थोड्या केपा उरल्या. पोराबाळांच्या घरात ही ब्याद नको म्हणून बायको अडून बसली. मी गड्याला म्हणालो, तूच घेऊन जा बाबा, पुढच्या विहिरीला होतील. तो बसला ती बारामतीहून इंदापूरला येणारी एसटी पोलिसांनी वाटेत नाकाबंदीला थांबवली. पिशवीत कांड्या, पटक्यात केपा. झालं! एवढं लपवून नेतोय म्हणजे अतिरेकीच. गडी टाडाखाली, अतिरेक्यांसाठीच्या कायद्याखाली, आत गेला.

वकील मित्रानं मला समजावून सांगितलं. एरवी पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्ट धरत नाही, पण या कायद्यात मोठ्या अधिकाऱ्यापुढं दिली की धरतं. म्हणजे आता पोलिसांनी गड्याकडून ती वदवून घ्यायची, एवढंच काम उरलं, असं तो म्हणाला. मी मान डोलावली. मला ठाण्यात जाऊन दोनच वाक्यं सांगायची होती. कांड्या माझ्या आहेत, आणि केपा डोक्यावर ठेवणं हा त्याचा कामाचा नियम आहे. पण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, कदाचित मीही आत गेलो असतो. उद्या जाऊ, परवा जाऊ करत आठवडा काढला.

मग एक शिपाईच शाळेत आला. साहेबांनी पंच म्हणून बोलावलंय म्हणाला. सरकारी पगार खाणारा साक्षीदार बरा पडतो, म्हणून मास्तरांना असं बोलावणं यायचंच. ठाणं कुठलं ते लिहीत नाही. फौजदारानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी पहिला घोट घेतला आणि दोघा शिपायांनी गड्याला बगलेत धरून आणला.

त्याचे तळवे सुजून एवढे झाले होते की पाय टेकवेना. पावलांच्या कडेवर उभा होता. एका हाताची नखं काळी पडली होती. लुंगी ओली होती आणि तिचा वास सगळ्या खोलीत भरला. माझ्या तोंडात चहा तसाच होता. थुंकावा की गिळावा कळेना. गिळला.

मोठ्या साहेबापुढं घेतलेलं निवेदन फौजदारानं वाचलं. मुंबईच्या कुणा माणसासाठी हा माल आणला होता आणि धरणाची भिंत उडवायची होती, असं त्यात होतं. ज्यानं उभ्या जन्मात मुंबई बघितली नव्हती, त्याच्या तोंडी मुंबईच्या गल्लीबोळांची नावं होती. बरोबर आहे का, असं विचारल्यावर तो माझ्याकडं बघत "व्हय साहेब" म्हणाला. खाली लिहिलं होतं, स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय. मी त्याखाली सही केली. अक्षर सुरेख आहे तुमचं, असं फौजदार म्हणाला. बाहेर येऊन कडुनिंबाखाली भडाभडा ओकलो, आणि तोंड धुऊन पाचव्या तासाला वर्गावर गेलो.

तो दोन वर्षं आत होता. माझ्याकडं पोलीस कधी फिरकले नाहीत. मी मनाशी धरून बसलो की गड्यानं एवढा मार खाल्ला पण माझं नाव घेतलं नाही. त्याला मी मनात देव करून टाकला. दिवाळीला त्याच्या बायकोकडं ज्वारीचं पोतं पाठवलं आणि त्या रात्री निवांत झोपलो. या गोष्टीची शिसारी मला त्या सहीपेक्षाही जास्त येते.

पुढं खटला उभा राहायच्या आधीच तो सुटला. धीर गोळा करून पळसदेवला गेलो. विहिरीत उतरणं आता त्याला जमण्यासारखं नव्हतं. धरणाच्या पाण्याच्या कडेला बसून कुणाची तरी जाळी विणत होता. मी त्याचे हात धरले आणि म्हणालो, एवढे हाल सोसलेस पण मला वाचवलंस, तुझे उपकार फिटायचे नाहीत.

त्यानं हात सोडवून घेतले.

"घेतलं की तुमचं नाव, मास्तर. पयल्या दिशी, पयल्याच पट्ट्याला. कांड्या तुमच्या, हीर तुमची, केपांचं समदं सांगितलं. म्हनले, हे नको, दुसरं सांग."

त्यानं जाळ्याची गाठ दातानं ओढून घट्ट केली.

"आन मग फौजदारच म्हनला माझ्यादेखत, पंच म्हनून त्या मास्तरलाच बोलवा. त्यो कशाला तोंड उघडतोय?"

माझ्यावर त्यांना एक पट्टाही उगारावा लागला नव्हता. चहावर भागलं होतं.