मी न केलेली प्रार्थना

सेमिनरीत शिकलेली मुलगी ‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही’ म्हणते, याचं तुम्हाला हसू येईल. पण खरंच नव्हता. माझा देव शिस्तीचा होता – रविवारी सकाळी, चर्चमध्ये, ठरलेल्या वेळी भेटणारा. दृष्टान्त, आवाज ऐकू येणं... असं कुणी सांगायला लागलं की मी मान खाली घालून नखं बघत बसायचे. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली.

मी वरठीची. पप्पा तिथे कारखान्यात, मूळचे नगरकडचे. शाळा इंग्लिश मीडियम, मराठी फक्त घरापुरती, आणि मुळातच मी कमी बोलणारी. ग्रॅज्युएशननंतर भंडाऱ्याजवळच्या, ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या एका लहानशा सेमिनरीत जायचं माझं मीच ठरवलं. कौलारू इमारत, मागे तलाव, तलावापलीकडे धानाची शेतं. पहाटे उठून आम्ही मुली व्हरांड्यात शाली गुंडाळून पाठांतर करायचो. मेसमधला भात कायम गिच्च व्हायचा आणि आम्ही कायम कुरकुरायचो. आता कुठेही नव्या तांदळाचा वास आला की मी आधी त्या व्हरांड्यात जाऊन पोचते.

अभ्यास मला आवडायचा. अडचण एकच – प्रार्थना. रोज संध्याकाळी सगळ्यांनी हात धरून गोलात बसायचं आणि एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला करायची नसेल त्याने शेजारच्याचा हात हळूच दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते. मी पहिल्या दिवसापासून हातच दाबत होते. मुली चिडवायच्या, “हिचा देव मुका आहे का गं?” मीही हसायचे. पण मनातून घाबरले होते. उद्या आजाऱ्याच्या उशाशी, दुःखाच्या घरी जायचं... तिथे जिला चार वाक्यं बोलता येत नाहीत, तिने इथे जागा कशाला अडवायची? शेवटी मी पप्पांना फोन केला – दिवाळीच्या सुट्टीला घ्यायला याल तेव्हा ट्रंक बांधायला दोरी आणा. मी परत येणार नाही.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी रत्नामावशींबरोबर मोहाडीकडे जायचं होतं. मावशी आमच्या बायबल-बाई. गावोगाव घरभेटी द्यायच्या आणि नव्या मुलींना सोबत न्यायच्या. मी सोडून जाणार हे त्यांना कळलं होतं. एस.टी. वरठीवरून जाते. शिफ्ट नुकतीच सुटलेली, सायकली आणि मोटरसायकलींची रांग लागलेली, खिडकीतून आमची गल्लीही दिसली. उतरावंसं वाटलं. मावशी म्हणाल्या, “उद्या उतरजो. आज चाल.”

मोहाडीच्या पुढे थोडं आत शेवंताबाईंचं घर. हिंदू शेतकरी कुटुंब. मावशींची आणि त्यांची बाजारातली जुनी ओळख. त्यांची मुलगी रोशनी, माझ्याच वयाची, धान रोवायच्या दिवसांत शेतातल्या बांधीत साप चावून गेली होती. तेव्हापासून शेवंताबाई धड जेवत नव्हत्या, बोलत नव्हत्या, आणि एकदाही रडल्या नव्हत्या. दाराशी नुसत्या बसून असायच्या. घरचे घाबरले. त्यांनीच मावशींना निरोप धाडला होता – तुमच्या देवालेही सांगून पाहा.

अंगणात बादली होती. आम्ही पाय धुतले आणि चटईवर बसलो. शेवंताबाईंचे मालक माझ्याकडे बघत म्हणाले, “हे माडम कोन जी?”

“आमची नवी पोट्टी हाय. शिकून राहिली.”

“बोलत नाई का?”

“बोलते ना जी! पन हिची मराठी अजून वरठीच्या रेल्वे फाटकात अडकून हाय. गाडी गेली का येईल.”

सून तोंडाला पदर लावून हसली. शेवंताबाई हसल्या नाहीत. त्या आमच्या ओल्या पायांकडे बघत होत्या.

मग सगळ्यांनी हात धरले. मावशी हळूच म्हणाल्या, “आज तू कर. जाता जाता एक करून जा.”

मी डोळे मिटले... आणि काहीच आलं नाही. मी मावशींचा हात दाबला. त्या गप्प. पुन्हा दाबला, जोरात. तरी गप्प. ओठ घट्ट मिटलेले होते. शेजारी मोटरपंप सुरू होता. दाव्याला बांधलेली बकरी खुंटाभोवती फिरत होती, तिच्या गळ्यातली घंटी मला आजही आठवते. मनात एकच वाक्य, तेही इंग्रजीत – मला जमत नाही, मला इथून ने. लाजेने कान तापले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग मावशी म्हणाल्या, “आमेन.”

आणि शेवंताबाईंनी हंबरडा फोडला.

सून धावत आली, त्यांना कुशीत घेऊन बसली. मालक मात्र माझ्याकडे रोखून बघत होते. “कोनं सांगतलं तुले?”

“काय?”

“आताच म्हनलीस ना तू. देवा, हे लेकरू चिखलातून आलं हाय, तिचे पाय धुऊन घरात घेजो.” त्यांचा आवाज फुटला. “बांधीतून उचलून तशीच दवाखान्यात नेली होती. पोस्टमार्टेम करून परत देली ते कपड्यात पुरी बांधूनच. सोडू नका म्हनलं. मायले आंघोय घालू देली नाई. पोरगी चिखलाच्या पायानं गेली, एवढंच म्हने हे पहिल्या दिवशी. मंग बोलनंच बंद.” ते मावशींकडे वळले. “तुमी सांगतलं का हिले?”

“मले माहीत असतं त मीच नसती केली का प्रार्थना?” मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी शेवंताबाई सुनेच्या हातून वरणभात जेवल्या. रडत रडत, पण जेवल्या.

परतीच्या एस.टी.त मी मावशींना म्हटलं, “मी एक शब्दही बोलले नाही.”

“वा! मंग माह्या कानापाशी कोन बोललं? तुझाच आवाज होता. जरा बसलेला.”

“नाही मावशी. खरंच नाही.”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग हसल्या. “नाई बोललीस त बरंच झालं. तुले तसं बोलताच कुठं येते?”

दुसऱ्या दिवशी पप्पा आले, गाडीला दोरी अडकवूनच. मी म्हटलं, “ट्रंक राहू द्या. सुट्टी संपली की परत सोडा मला.” का, ते त्यांनी विचारलं नाही. गाडीला किक मारता मारता एवढंच म्हणाले, “मग आता तरी नीट जेवत जा.”

पुढे समुपदेशनाच्या पेपरला वाचलं की फार ताण आला तर माणूस बोलतो आणि नंतर विसरतो. असेल. पण त्या वेळातला पंप मला आठवतो, घंटी आठवते. पायांवर पाणी घेतलं होतं म्हणून पाय सुचले, असंही म्हणता येईल... पण तिचे चिखलाचे पाय धुवायचे राहिले होते, हे मला कुठे माहीत होतं? आणि ती भाषा? ‘घेजो’ म्हणायला माझी जीभ तेव्हा वळलीच नसती. मी उत्तर शोधायचं सोडलेलं नाही, पण सापडलंही नाही. आता मी लोकांसमोर प्रार्थना करते. अडखळते, तरी करते.

मध्यंतरी मोहाडीच्या बाजारात शेवंताबाई भेटल्या. समोर वांग्यांचा ढीग. मला बघून त्यांनी तराजू खाली ठेवला.

“ते प्रार्थना पुन्हा कर ना वो, माय. रोशनीची.”

“मला येत नाही ती,” मी म्हटलं. “तुम्हीच सांगा.”

त्यांना नवल वाटलं. पण त्यांनी पदर सारखा केला, बाजाराच्या गलक्यात डोळे मिटले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली. मालकांनी सांगितलं होतं त्याहून ती बरीच लांब होती. मी पहिल्यांदाच ऐकत होते. एकही शब्द माझा नव्हता.

संपल्यावर त्यांनी एक डोळा उघडला. “आता शेवटचं तू म्हन.”

“आमेन,” मी म्हटलं.