जावयाची फिकी चटणी

परदेशातलं माणूस घरी आलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दाराबाहेर चपला साचतात तसे ते साचतात. कोण कुणाची चप्पल घालून गेलं, हे मागाहून कळतं.

माझी मुलगी सुजाता जर्मनीला असते. नवऱ्याबरोबर दोन वर्षांतून एकदा मे महिन्यात येते. औंदा एकटीच आली. मी फाउंड्रीत साचे भरण्यात जन्म घालवला, मला फार बोलायची सवय नाही. पण आमच्या तालमीच्या कट्ट्याला आहे.

*

तिला आणायला स्टँडवर गेलो तेव्हा माझा दोस्त रंगराव बरोबर होता. रंगराव एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. पुण्याची गाडी लागली, सुजाता उतरली, पाया पडली. रंगराव तिच्या मागं बघत राहिला. मग सरळ गाडीत चढला आणि शेवटच्या सीटपर्यंत जाऊन आला.

"काय रे?" मी विचारलं.

"पावणं झोपलं बिपलं न्हाय न्हवं, बघितलं."

"त्यांना सुट्टी मिळाली न्हाय, काका," सुजाता म्हणाली.

ती रिक्षा ठरवायला पुढं गेल्यावर रंगराव माझ्या कानाशी आला. "आयुष्यभर हाफ तिकिटासाठी पोरांची वयं कमी सांगणारी माणसं बघितली. खोटं मला आवाजावरनं कळतंय."

मी बॅगा उचलल्या. मागल्या खेपेला दोघांचं मिळून जेवढं सामान होतं, तेवढं आता एकटीचं होतं. ते मी रंगरावाला सांगितलं नाही.

*

पुढचे दिवस सुजाता कुणाच्या हाती लागेना. सकाळी मैत्रीण, दुपारी मावशी, संध्याकाळी काकांची सून. प्रत्येक घरी मटण. पहिल्या वाटीत तांबडा, दुसऱ्या वाटीत पांढरा आणि तिसऱ्या वाटीला, "जावई का आलं न्हाईत?"

ती तरी काय करील? एका घरी म्हणाली, सुट्टी नाही. दुसऱ्या घरी म्हणाली, पाठ धरलीय, झोपून आहेत.

गल्लीत बातमीला चहापेक्षा कमी वेळ लागतो. रंगराव कट्ट्यावर माझ्याजवळ सरकून बसला. "व्हय रं, एकच माणूस कामावर पण हाय आणि झोपून पण हाय?"

"सरकारी नोकरी असंल," पलीकडनं कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मीही हसलो. हसल्याशिवाय उठता आलं नसतं.

*

कागलला माझी बहीण असते, आक्का. तिनं पाट दोन मांडले होते आणि जावयासाठी टॉवेल-टोपी आणून ठेवली होती. सुजाता एकटीच एका पाटावर बसली. जेवण झाल्यावर आक्का म्हणाली, "लाव त्यांना फोन. मी बोलतो."

"आत्या, तिकडं आता रात्र हाय."

दुपारचे दोन वाजले होते. आक्कानं घड्याळाकडं बघितलं. "शेजारणीचा ल्योक तिकडंच असतोय. तो तर ह्या वक्ताला न्याहारी करत आईसंगं बोलतोय."

सुजातानं हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "आत्या, जर्मनी लई मोठी हाय."

टॉवेल-टोपी तिनं घेतली. घरी आल्यावर ती स्वतःच्या बॅगेत न ठेवता माझ्या कपाटात ठेवली.

*

तिची शाळेतली मैत्रीण वैशाली घरी आली होती. दोघी मोबाइलवर फोटो बघत बसल्या. बर्फ, झाडं, कुणाचं तरी मांजर, बर्फातली सुजाता. वैशाली बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "दाजी फोटो काढत असतील, म्हणून ते दिसत न्हाईत."

"व्हय," सुजाता म्हणाली.

पुढच्या फोटोत सुजाताचा हात लांब केलेला होता. म्हणजे तो तिनंच काढलेला. वैशालीनं पटकन मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "चल, भेळ खाऊन येऊ."

चांगली पोरगी आहे वैशाली.

*

"तू बाप हायस का पावणा?" रंगराव एक दिवस मला म्हणाला. "इचार की सरळ."

तिची आई असती तर तिनं स्टँडवरच विचारलं असतं. मी मनाची तयारी करून घरी गेलो. सुजाता मेथी निवडत होती. समोर बसलो, दोन काड्या निवडल्या.

"तिकडं थंडी लई असती काय?"

"असती, आबा."

"हीटर चालतोय न्हवं?"

"चालतोय."

विचारलं ते एवढंच.

*

जायच्या आदल्या दिवशी चटणी कुटायला डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, गेलो. रंगराव मिरच्यांचं पोतं धरून बरोबर. आमच्याकडं वर्षाची कांदा-लसणाची चटणी डंकावर कुटतात, आणि तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या नाका-डोळ्यांतनं पाणी वाहतं. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

जावई पुण्याचे. तांबड्या रश्श्याच्या नुसत्या वासानं त्यांना घाम फुटतो. म्हणून सुजाता दर खेपेला त्यांची चटणी वेगळी करून नेते, ब्याडगी मिरची जास्त घालून, फिकी. डंकवाल्या सखूमावशीला हे पाठ आहे. तिनं दोन घमेली पुढं ओढली.

"जावयाची फिकी आधी काढू न्हवं?"

डंक नेमका तेव्हाच थांबलेला होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"न्हाय मावशी," सुजाता म्हणाली. "औंदा सगळी एकच करा. तिखट."

मावशीनं दुसरं घमेलं हळूच मागं सारलं. रंगरावानं तोंड उघडलं. मग उगाच खोकला.

मी म्हणालो, "मावशी, घरात ठेवायला पण जादा कुटा. पोरगी औंदा हितंच ऱ्हायली, तर कमी पडाय नको."

सुजाता माझ्याकडं बघायला लागली. "आबा, उद्याचं तिकीट हाय माझं."

"एक सीट मोकळी गेली म्हणून गाडी थांबत न्हाय," रंगराव पोत्याकडं बघत म्हणाला. "जन्मभर बघितलंय मी."

मावशीनं बटण दाबलं. डंक धाड धाड सुरू झाला. लाल धुरळा उठला. सुजाताच्या गालांवरनं पाणी घळाघळा यायला लागलं.

"लांब सरक की गं पोरी," मावशी ओरडून म्हणाली, "चटणी डोळ्यात जातीया."

सुजाता जागची हलली नाही.