लेहच्या वळणावरून परत

आमच्या गावाला फुशारकीची हौस भारी. महागाव तालुक्यातलं एवढंसं गाव, आणि त्यातला पोरगा विमान उडवतो म्हटल्यावर विचारायची सोय नाही. राजदीपचे वडील पंजाबराव पुसद डेपोत एसटीचे ड्रायव्हर. लोक म्हणायचे, बापाची गाडी खड्ड्यातून जाते, पोराची ढगातून. पंजाबराव यावर हसायचे नाहीत. राजदीपही नाही. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकून तो कॅप्टन झाला आणि कंपनीनं त्याला दिल्ली-लेहच्या फेरीवर घातलं.

एकदा मी खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की लेहला चहूकडून डोंगर, विमान दरीतून खाली न्यायचं. एक वळण येतं. त्याच्या अलीकडून परत फिरता येतं, पलीकडे गेलं की उतरावंच लागतं. ऊन चढलं की वारा सुटतो, म्हणून सगळं सकाळीच. आणि आज उतरणारच, असं वैमानिकानं कोणाला सांगू नये.

राजदीपचा दोस्त भारत बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. तांडा आणि गाव यांच्या मधे फक्त ओढा. हे दोघं शाळेत एका बाकावर आणि जेवायला भारतच्या घरी. भारतची आई मानीबाई. भारत तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. राजदीपही तेच म्हणायचा. कापसात काही उरेनासं झालं त्या वर्षांत तांड्यावरचे बरेच जण बाहेर पडले. भारत लेहकडे रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायला गेला. दोन हजार सहाच्या मे महिन्यात तिथं दरड कोसळली आणि तो गेला.

ठेकेदार तिथंच अग्नी द्यायला तयार होता. मानीबाई म्हणाली, मला त्याचं तोंड पाहायचं. तेव्हा भारतची शवपेटी ज्या विमानानं निघायची ती फेरी राजदीपनं स्वतःकडे मागून घेतली आणि तांड्याचे नायक लखीराम यांच्या घरी फोन केला. "याडीले सांगा, भारतले मी उद्या घेऊन येतो." जे सांगू नये तेच सांगून बसला.

दुसऱ्या दिवशी तो वळणाशी पोचला तेव्हा वारा मर्यादेबाहेर होता. त्यानं विमान दिल्लीला परत नेलं. प्रवाशांनी शिव्या घातल्या. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नियमानं त्याला सुट्टी होती. दुसऱ्या कॅप्टनला वारा शांत मिळाला आणि पेटी निघाली.

तोवर तांड्यावर चूल पेटली नव्हती. नागपूरहून भर उन्हात पेटी आली. सोबतच्या माणसानं उघडू नका म्हणून बजावलं, आणि का ते जवळ गेल्यावर कळतच होतं. नायकांनी उघडू दिली नाही. मानीबाई लाकडावर हात ठेवून बसून राहिली.

मग लोकांच्या जिभा सुटल्या. गावचा पोरगा असून दारातून फिरला, परक्यानं आणून दिलं. पुसदच्या घाटात ओकाऱ्या काढणारे लोक लेहच्या वाऱ्यावर बोलत होते. माझं डोकं फिरलं, पण ऐकतो कोण?

महिन्याभरानं राजदीप आला. पंजाबराव म्हणाले, तांड्यावर जाऊ नको. तो निघाला, म्हणून मीही सोबत गेलो. मानीबाई अंगणात तूर निवडत होती. तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"तुले मालूम होतं, भारत तिथं हाये म्हणून?"

"होतं, याडी."

"मंग काहून फिरला?"

"वारा लय होता. खाली गेलो असतो तं विमानातली मानसं मेली असती."

ती किती होती, असं तिनं विचारलं. शंभरावर, तो म्हणाला. ती पुन्हा तूर निवडू लागली. मला वाटलं, संपलं.

"तू बरोबर केलं," ती म्हणाली. "चुकला असता तं बरं झालं असतं. तुह्यावर राग तरी धरला असता. आता कोनावर धरू? तू इथं येत नको जाऊ, बापू."

तो हो म्हणाला आणि उठला.

आम्ही ओढ्यापाशी आलो. मला रडू येत होतं. त्याचे डोळे कोरडे होते. त्याला काय वाटतंय, ते मी विचारलं.

"काहीच वाटून नाही राह्यलं," तो म्हणाला. "वळणावरून फिरलो तवापासून."

परवा सकाळी त्याची लेहचीच फेरी होती, म्हणून तो संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेला.