आतलं चाक

नणंदेच्या नवऱ्याचं टायरचं दुकान मी बंद पाडलं. अंजूरच्या गोदामांच्या रस्त्यावर आजही कुणी विचारलं तर सांगते, हो, मीच पाडलं.

आमचा सहा चाकी टेम्पो होता. पुढं दोन चाकं, मागं दोन्ही बाजूंना जोड्या. माझा नवरा भिवंडीतून कापडाचे तागे भरून गोदामांत पोचवायचा. टायरचं सगळं काम या नणंदेच्या नवऱ्याकडे, भाऊजींकडे. घरचाच माणूस, म्हणून हा गाडी त्यांच्या ताब्यात देऊन खुशाल चहाला जायचा. एका दिवाळीत मागचे चारही टायर नवे टाकले. टेम्पो घरी आला तेव्हा मी बाहेरच्या चाकांना हळदकुंकू लावलं. आतली चाकं दिसत नाहीत, तिथं कोण वाकून बघतंय.

काही आठवड्यांनी खारबावच्या रस्त्यावर आतला टायर फुटला. त्या बाजूचा सगळा भार बाहेरच्या एकट्या टायरवर आला, तोही फुटला आणि भरलेला टेम्पो कलंडला. नवऱ्याचा उजवा हात दरवाजात सापडला. हात वाचला, पण कोपरातून पुरता वळेना. स्टेअरिंग सुटलं ते सुटलंच.

भाऊजी दवाखान्यात शहाळी घेऊन आले. येईल-जाईल त्याला सांगत बसले, की याला हवा तपासायची सवयच नाही, मी किती वेळा बजावलं. नवरा खाटेवर पडून ऐकत होता. त्यालाही हळूहळू वाटायला लागलं, की चूक आपलीच.

टेम्पोतलं सामान आणायला मी गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीनं चाकं काढून भिंतीला टेकवली होती. फुटलेला आतला टायर त्यानं माझ्यासमोर उघडून धरला. आतून जुनं ठिगळ होतं. वरची नक्षी कधीच झिजून गेलेली, ती तापलेल्या पात्यानं परत कोरलेली.

"ये नया है, किसने बोला आपको?" मिस्त्रीनं विचारलं.

दुसऱ्या बाजूचा आतला टायरही तसलाच निघाला. आमचे दोन नवे टायर भलत्याच कुणाच्या गाडीखाली फिरत होते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ताईचा संसार हाय."

ताईचा संसार, मग माझा काय आहे, असं मी विचारलं. पोलिसांत जायलाही त्यानं हात जोडून नाही म्हटलं. मग मी माझं ठरवलं.

टेम्पो होता तसा विकला. माझ्या भावाची रस्त्याकडेला जागा होती, बरोबर भाऊजींच्या दुकानासमोर. भाड्यानं दे, पण तीच दे, असं भावाला सांगितलं. कॉम्प्रेसर आला, जॅक आला. नवरा खुर्चीवर बसून सांगायचा, मी करायचे. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं नाही. गाडी थोडी फिरून आली की परत आवळून बघायचे. जोडीतले दोन्ही टायर सारख्या उंचीचे हवेत, नाहीतर मोठा टायर सगळं ओझं ओढतो आणि तापतो. सुरुवातीला मनगटं सुजायची. बाई चाक खोलते म्हणून लोक बघायला थांबायचे. बघू दे म्हटलं.

भाऊजींचं नाव मी कधी घेतलं नाही. कुणी सहा चाकी गाडी हवा भरायला आणली, की मी खाली सरकून जोडीच्या मधे अडकलेले दगड काढून द्यायचे, फुकट. मग ड्रायव्हरच्या हातात टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, वाका, आतलं बघा. कोरलेली नक्षी कशी ओळखायची ते दाखवायचे. खाचांच्या कडा ओबडधोबड असतात, खोली कुठं जास्त कुठं कमी. कितीतरी गाड्यांखाली भाऊजींचंच काम निघायचं. ड्रायव्हर उठायचा, पँट झटकायचा आणि रस्ता ओलांडून समोर जायचा. तिकडची शिवीगाळ ऐकत मी पुढच्या चाकाचे नट आवळायचे. तेवढं सुख मला देवळातही मिळालेलं नाही. खोटं कशाला सांगू?

एकदा ताई आली. पायरीवर बसून रडली. मी पाणी दिलं. म्हटलं, भाऊजींनी इथं येऊन यांना खरं काय ते सांगावं, मी टॉर्च ठेवून देते. ती उठून गेली. भाऊजी आले नाहीत, आणि मला ते बरंच वाटलं. लगेच आले असते तर मला थांबावं लागलं असतं.

आले ते गिऱ्हाईक तुटून त्यांच्या दुकानातलं सामान विकून झाल्यावर. भर दुपार होती. माझ्याकडे दोन गाड्या जॅकवर, ड्रायव्हर बाकावर. भाऊजी उन्हातच उभे राहिले.

"झालं तुझं समाधान?"

"न्हाय," मी म्हटलं. "यांना सांगा. सगळ्यांसमोर."

ते जमिनीकडे बघत पुटपुटले. मी म्हटलं, "मोठ्यानं."

"टायर जुने घातले मी," भाऊजी म्हणाले. "तुझी चूक नव्हती."

नवरा खुर्चीतून उठला. मला वाटलं, आता थोबाडीत देईल. त्यानं डाव्या हातानं थर्मासमधला चहा ओतला आणि कप त्यांच्यापुढं धरला.

"उन्हात नका उभं ऱ्हाऊ," म्हणाला.

त्या चहाचा मला इतका संताप आला, की हातातला पाना तिथंच टाकून मी आत गेले. पण त्या संध्याकाळी नवरा आपणहून नाक्यावर जाऊन चार माणसांत बसला. अपघातानंतर पहिल्यांदाच.

भाऊजी आता एका गोदामावर वॉचमन आहेत. ताई गणपतीत येते, आपल्या भावाशी बोलते, माझ्याशी नाही. आता तरी मनातून काढ, असं नवरा म्हणतो. परवा भाऊजी डबा घेऊन दुकानासमोरून ड्युटीवर चालले होते. मी नजर हलवली नाही. त्यांनी खाली घातली.