टॅपेटची टकटक

मोटारसायकलचे टॅपेट मी शिलाई मशीनच्या हिशेबानं आवळले, आणि तेही बायकोच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी.

तेव्हाच्या आंध्रात, आदिलाबादच्या अलीकडे इंद्रवेल्लीत माझं टेलरिंगचं दुकान होतं. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. वर्षानुवर्षं पायडल मारून माझा कान एकाच गोष्टीला तयार झाला होता. मशीन खटखट करू लागली की कुठला तरी स्क्रू ढिला आहे. तो शोधायचा, आवळायचा, तेलाचा थेंब सोडायचा. मशीन गप्प, गिऱ्हाईक खूश. या विद्येवर माझा एवढा भरवसा की घरातल्या पंख्यापासून शेजाऱ्याच्या सायकलीपर्यंत जे जे वाजेल ते मी आवळून दिलं होतं. त्यातलं काही पुढे चाललं नाही, पण वाजलंही नाही.

त्यात मी एक जुनी शंभर सीसीची मोटारसायकल घेतली. गाडी गुणी होती. फक्त इंजिनाच्या डोक्यातून बारीक टकटक यायची. एक गिऱ्हाईक पँटचं माप देता देता म्हणालं, "टॅपेट वाजून राह्यले तुमचे." एवढं ज्ञान मला पुरलं. मी इंजिनावरची दोन टोपणं काढली. आत दोन आखूड दांडे, त्यांच्या टोकाला एकेक स्क्रू, आणि स्क्रू आणि खालचा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट. फट पाहून मला हसूच आलं. रोग सापडला होता. दोन्ही फटी मी पार मिटवून टाकल्या. गाडी अशी गप्प झाली की चालू आहे का ते सायलेन्सरमागे हात धरून बघावं लागलं.

"पाहा," मी बायकोला म्हटलं, "उद्या तुले राणीसारखी नेतो."

तिला दुसऱ्या दिवशी दहा वाजता आदिलाबादला मास्तरणीच्या नोकरीची परीक्षा द्यायची होती. तिचं माहेर वांकिडीकडचं, शाळा सगळी मराठीतली. तेलुगूच्या पेपरानं मागच्या खेपेला तिला पाडलं होतं. वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप. दोन वर्षं चुलीपुढं पुस्तक धरून ती तेलुगू घोकत होती. भाकरी करपल्या, पण कोणी तोंडातून शब्द काढला नाही.

सकाळी साडेसहाला निघालो. गाडी पहिल्या किकला सुरू. दहा-बारा किलोमीटर लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मग एका चढावर तिचा जीव गेला. किक मारली तर पाय सरळ खाली. खाली दाबच नाही, जसं कोणी गव्हाच्या पोत्यात पाय घालावा.

"काऊन थांबले?" मागून प्रश्न.

"जरा गरम झाली."

दहा मिनिटं थांबलो. गाडी थंड झाली, सुरू झाली, चार किलोमीटर चालली आणि परत मेली. असं तीनदा झालं. शेजारून दोन बसा गेल्या, दोन्ही परीक्षेच्या पोरापोरींनी गच्च भरलेल्या. ड्रायव्हरनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी गाडी ढकलत गुडीहत्नूरच्या फाट्यावर आलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. बायको पिशवी छातीशी धरून पुढे चालत होती, आणि तिची पाठही बोलत होती.

फाट्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान. त्यानं किक हातानं दाबून पाहिली, इंजिनाजवळ कान नेला आणि मला विचारलं, "टॅपेट को हात किसने लगाया?"

"मैंनेच."

"काम क्या करते?"

"टेलर."

त्यानं मान हलवली. "पतलून सीते तो बैठने को जगा छोड़ते ना? आदमी बैठा तो फटना नै. इसको भी वैसाच. गरम हुआ के व्हॉल्व्ह लंबा होता. तुम जगाच नै छोड़े. व्हॉल्व्ह बंद होता नै, ताकत उधरसेच निकल जाती."

मी पाना शोधू लागलो. घाईत टोपणाला बोट लागलं आणि चटका बसला.

"रुको. ठंडा होने दो. गरम इंजन का नाप झूटा."

"चाचा, दस बजे परीक्षा है."

"इंजन को मालूम है क्या?"

मग सुरू झालं वाट पाहणं. मी पाणी ओतायला बादली उचलली. चाचानं ती काढून घेतली, "तडकेगा," म्हणाला. मग मी वारा घालायला लागलो. हाताला आलं ते पुस्तक घेतलं होतं. बायकोनं ते एका झटक्यात ओढलं.

"अवो, माहं तेलुगूचं गाईड हाय ते."

ती बाकड्यावर बसून त्यातला निबंध मोठ्यानं वाचू लागली. चाचाला तेलुगू वाचता येत नव्हतं, पण बोलायचा तो अस्सल. डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच, "ऐसा नै बेटी, लंबा बोलो," म्हणून शब्द म्हणून दाखवायचा. ती त्याच्यामागे म्हणायची. एकदा तिनं असं काही म्हटलं की चाचा खो खो हसला. तिनं कारण विचारलं, तो म्हणाला, "भैंस को सलाम किया तुमने." सकाळपासून पहिल्यांदा ती हसली. मी पण हसलो, तर दोघंही गप्प झाले.

नऊला पाच मिनिटं असताना चाचानं इंजिनावर तळहात ठेवला, चांगलं अर्धं मिनिट. "हो गया."

बाजूची झाकणी काढून त्यानं आतला नट पान्यानं हळूहळू फिरवला, पिस्टन पार वर आल्याची खूण जुळवली, दोन्ही दांडे बोटांनी हलवून पाहिले. फट मोजायला त्याच्याकडे होतं दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं. ते स्क्रूखाली घातलं, स्क्रू फिरवला, मग स्क्रू जागेवर धरून त्याच्यावरचा नट आवळला. मी मदतीला हात पुढे केला. त्यानं पातं माझ्या बोटांवरून पलीकडं नेऊन बायकोपुढं धरलं.

"बेटी, तू खेंच. फंसना भी नै, फिसलना भी नै."

तिनं पातं ओढलं. पुन्हा घालून पुन्हा ओढलं. "जरा जास्त आवळलं वाटते."

चाचानं केसभर ढिलं केलं. तिनं परत ओढलं आणि मान डोलावली. दुसऱ्या टॅपेटलाही तिचंच मत चाललं. मी टोपणं पुसत होतो. ग्रीस हातावरून कोपरापर्यंत आणि तिथून कपाळापर्यंत गेलं होतं.

किक मारली. टकटक टकटक. एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. निघताना चाचा म्हणाला, "बजता है तो बजने दो."

आदिलाबादच्या वेशीवरचं मावला गाव येईपर्यंत मी घड्याळाकडे बघितलंच नाही. परीक्षेच्या शाळेचं गेट बंद व्हायला पाच-सहा मिनिटं असताना ती उतरली आणि पदर खोचून पळाली. चप्पल एकदा निसटली, ती हातात घेऊन पळाली. मी बाहेर कडुनिंबाखाली बसलो. अख्खा पेपरभर एक बोट तोंडात होतं, चटक्याचं.

सुटल्यावर बाया घोळक्यानं बाहेर आल्या. मी दुरूनच तिचा चेहरा वाचला. ती नाचत नव्हती एवढंच. जवळ येऊन म्हणाली, "निबंध आला तोच, चाचानं म्हणून घेतला तो. एक ओळ सुटली नाही."

मला एवढा आनंद झाला की मी काळे हात तसेच तिच्या खांद्यावर ठेवणार होतो. तेवढ्यात तिच्यासोबतच्या एका बाईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिला विचारलं, "सोबत मेकॅनिक घेऊन आली का वं?"

"नाई वं बाई," बायको म्हणाली, "मेकॅनिक असता तं कवाच पोचलो असतो. नवरा हाय माहा."