घोडीले आधी दुडकी चालू द्या

काऊन एवढी घाई असते वरातवाल्याइले? आज चिखलीत राणीले, म्हणजे माह्या घोडीले, टेम्पोतून उतरवून हॉलमागच्या वावरात दुडकी चालवून राह्यली होती मी. आधी मोठे गोल, मंग आठाचा आकडा, दोन्हीकून. त्याच्याबिगर तिचं अंग मोकळं होत नाही.

दोनच गोल झाले तं नवरदेवाच्या मामानं लगाम धरला. "मावशी, घोडी नाचवाले आणली का वावर मोजाले?" सारे हसले. मीबी लाजून ऐकलं त्याचं, तेच चुकलं.

तशीच डीजेपुढं नाचवली. आता मागचा पाय टेकत नाही, दाण्याले तोंड लावत नाही. घरात कमावणारी तीच एक हाय.

ग्रुपमधल्या बँड-डीजेवाल्याइनो, वरातीसाठी माही घोडी तुमीच ठरवता, तं वरातीआधी घोडीले अर्धा तास देसान का नाही? बुधवारपर्यंत सांगा. नाही म्हणसान तं तिचा पाय बरा झाला तरी तुमची एकही वरात घेणार नाही मी.